मोठ्या शहरात चांगलं व्हीगन रेस्टॉरंट कसं शोधायचं

टोफूचं सूप होतं. मेन्यूत त्याच्या नावापुढे हिरवं पान छापलेलं, वाडग्यात जाड नूडल्स, वर कांद्याची पात. मागवताना मी विचारलं होतं, "यात मांस नाही ना?" "अजिबात नाही," असं उत्तर आलं होतं. वाडगा अर्धा संपल्यावर त्या धुरकट चवीचं कौतुक करावं म्हणून वेटरला हाक मारली, तर तो खूश होऊन म्हणाला, "ती सुकवलेल्या माशाची चव. पण तुकडा एकही नसतो, सगळं गाळून घेतो." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी मांसाचं विचारलं, त्याने मांसाचं सांगितलं.

कामासाठी वेगवेगळ्या शहरांत राहावं लागतं, त्यामुळे असे प्रसंग आणखीही घडले. त्यातून हळूहळू एक पद्धत बसत गेली. एक संध्याकाळ फोन घेऊन बसायचं, दुसऱ्या दिवशी चार-पाच ठिकाणी फोन करायचे, आणि मग प्रत्यक्ष जाऊन जेवायचं. नव्या शहरात आठवडाभरात आठ-दहा भरवशाची ठिकाणं हाताशी येतात. त्याहून जास्त लागतही नाहीत.

शोधायच्या आधी: आपली रेघ कुठे आहे?

व्हीगन म्हणजे मांस, मासे, दूध, अंडी नकोत, इतकं तर ठरलेलं असतं. गोंधळ होतो तो त्यापुढे. मध चालतो का? ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलातले बटाटे चालतील का? त्याच तव्यावर भाजलेला बर्गर? वाइन? वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेला आयझिंग्लास वापरतात. सगळेच उत्पादक ते वापरत नाहीत, पण बाटलीकडे बघून कळत नाही. बार्निव्होर या संकेतस्थळावर वाइन आणि बिअरच्या ब्रँडची याबाबतची यादी मिळते.

यातलं बरोबर काय, यावर मी वाद घालणार नाही. पण उत्तरं आधीच ठरवून फोनमध्ये लिहून ठेवा. टेबलावर भूक लागलेली असताना, समोर वेटर ताटकळत उभा असताना माणूस काहीही कबूल करतो. शिवाय वेगळ्या तव्याचा आग्रह धरला तर यादी एकदम आखडते, आणि ती किती आखडणार हे सुरुवातीलाच कळलेलं बरं.

पहिली चाळणी फोनवर

हॅपीकाउ हे ॲप आणि संकेतस्थळ 1999 पासून चालू आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी. त्यात हिरवी खूण म्हणजे पूर्ण व्हीगन, जांभळी म्हणजे शाकाहारी, लाल म्हणजे मांसाहारी पण व्हीगन पदार्थ असलेलं ठिकाण. नवखी माणसं फक्त हिरव्या खुणा बघतात. मला स्वतःला लाल खुणांनी जास्त चांगलं जेवू घातलंय, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

जांभळ्या खुणेबद्दल मात्र सावध राहा. शाकाहारी या शब्दात दूध, लोणी, चीज सगळं बसतं. अनेक देशांत अंडंही बसतं. काही शाकाहारी स्वयंपाकघरांत तर मांसाची उणीव चीज आणि क्रीम ओतून भरून काढतात, आणि व्हीगन माणसाच्या वाट्याला सॅलड येतं. त्यापेक्षा शेजारचं एखादं मांसाहारी ठिकाण सोयीचं पडतं.

त्यानंतर गूगल मॅप्स. तिथे अख्ख्या शहरात शोधण्यात अर्थ नसतो. आपण प्रत्यक्षात कुठे असणार ते बघा: राहण्याची जागा, कामाची जागा, रोजचं स्टेशन. प्रत्येकापासून पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरात शोधा. शहराच्या दुसऱ्या टोकाचं उत्कृष्ट रेस्टॉरंट महिन्यातून एकदा होतं. भूक रोज लागते.

एक युक्ती पुष्कळांना माहीत नसते. एखाद्या रेस्टॉरंटच्या पानावर गेलात की परीक्षणांच्या भागात शोधायची सोय असते. तिथे "व्हीगन" हा शब्द इंग्रजीत आणि त्या शहराच्या भाषेतही टाकून बघा. चारशे परीक्षणांतली नेमकी सहा वर येतात, आणि त्या सहांत बहुतेक वेळा सगळं कळतं. मग क्रम बदलून सर्वांत नवी परीक्षणं आधी लावा. शेवटी मेन्यूचे फोटो बघा, पण तेही अलीकडचेच.

दुसरी चाळणी: नावात व्हीगन नसलेली स्वयंपाकघरं

व्हीगन हा शब्द 1944 साली ब्रिटनमध्ये तयार झाला. दूध, अंडी, मांस न घालता रांधणं मात्र कितीतरी जुनं आहे, आणि ज्यांच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय ते स्वतःला व्हीगन म्हणवतीलच असं नाही. म्हणून मोठ्या शहरात फक्त एका इंग्रजी शब्दाने शोधलं तर अर्ध्याहून जास्त चांगलं जेवण नजरेतून सुटतं. माझ्या मते या लेखात एवढंच वाचलं तरी चालेल.

इथिओपियन रेस्टॉरंट शहरात असेल तर पहिलं तिथे जा. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि वर्षातल्या आणखी अनेक दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्यामुळे मसूर, वाटाणा, कोबी, पालेभाज्या यांचे उपासाचे पदार्थ तिथे रोजच्या स्वयंपाकातलेच असतात. 'त्सोम' म्हणजे उपास, हा शब्द लक्षात ठेवा. 'बेयाइनेतू' मागितलं की इंजेरा या आंबवलेल्या भाकरीवर सगळं थोडं थोडं वाढून येतं. एकच प्रश्न विचारायचा: यात नितेर किब्बे, म्हणजे मसाले घालून कढवलेलं लोणी, आहे की तेल?

ग्रीक आणि पूर्व युरोपातल्या स्वयंपाकातही चर्चच्या उपासांचे पदार्थ असतात. ग्रीक मेन्यूत 'निस्तीसिमो' दिसलं तर मांस-दूध नाही हे पक्कं, पण त्यात कालवं, माकुल, मध चालतात. तुर्की ठिकाणी 'झेतिनयाली' विचारा: ऑलिव्हच्या तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या. लेबनीज ठिकाणी हुमुस (छोल्यांचं वाटण), मसूर-भाताचं मुजद्दरा, ताबुली (पार्सलीचं सॅलड) हे सगळं मुळातच व्हीगन. फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे) गुंडाळून देताना कधी कधी वरून दह्याचं सॉस ओततात, तेवढं आधी सांगायचं.

बौद्ध परंपरेची स्वयंपाकघरं हा तर खजिनाच आहे. थायलंडमध्ये 'जे' असं म्हणतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असली की मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. व्हिएतनामी मेन्यूत 'चाय' शोधा (चहाशी त्याचा काही संबंध नाही). चिनी रेस्टॉरंटमध्ये 'सू' हे अक्षर असतं, पण त्यात अंडी-दूध असू शकतं, म्हणून 'छुन सू', म्हणजे पूर्ण शाकाहारी, असं विचारावं. तैवानमध्ये तर पाकिटबंद शाकाहारी पदार्थावर तो पाचांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे छापावं लागतं. ही अक्षरं फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. उच्चार चुकतो, फोटो चुकत नाही.

उलट, वरवर सोपी वाटणारी काही ठिकाणं फसवतात. थाई करी: "फिश सॉस घालू नका" म्हटलं तरी करीचं वाटण आधीच केलेलं असतं आणि त्यात सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट वाटलेली असते, ती आता काढणार कशी? कोरियन किमची: दिसते नुसती कोबी, पण आंबवताना बहुधा खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस घातलेलं असतं. जपानी स्वयंपाकातला दाशी, म्हणजे माझ्या सुरुवातीच्या सूपाचा पाया, तो भाज्यांत, सॉसमध्ये, भज्यांबरोबरच्या चटणीवजा पाण्यातही असतो. मेक्सिकन घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. इटालियन ठिकाणी वाळवलेल्या पास्त्यात सहसा अंडं नसतं, ताज्यात बरेचदा असतं. पेस्तोमध्ये, म्हणजे बेझिलच्या पानांच्या चटणीत, चीज वाटलेलं असतं. पिझ्झा मारिनारा मात्र टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढ्याचाच असतो, काही वगळायला सांगावंच लागत नाही. जमैकन वस्तीत 'आयटल' लिहिलेलं ठिकाण दिसलं तर आत डोकावाच. रास्ताफारी या जमैकातल्या धार्मिक परंपरेतलं हे जेवण बहुतेकदा व्हीगन असतं, पण काही जण मासे खातात, तेव्हा विचारून घ्या.

पारंपरिक फ्रेंच रेस्टॉरंटचा नाद मी सोडून दिलाय. लोण्याशिवाय तिथलं पान हलत नाही.

मेन्यूवरचे शब्द आणि ॲलर्जीचा तक्ता

'प्लांट-बेस्ड' या शब्दावर भिस्त ठेवू नका. बर्गरची टिक्की वनस्पतींची असते आणि वर अंड्याचं मेयॉनीज, पावात लोणी. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या कॉफीच्या पावडरीत दुधातलं केसीन असू शकतं. ज्यू आहारनियमांतलं 'पारेव्ह' म्हणजे मांस आणि दूध दोन्ही नाही, पण अंडी, मासे, मध चालतात. वूस्टरशायर सॉसमध्ये पूर्वापार अँचोवी मासे असतात, आणि ते सॉस कॉकटेलपासून मशरूमच्या भाजीपर्यंत कुठेही सापडतं.

हिरवं पान, इंग्रजी 'व्ही' असल्या खुणांचा अर्थ मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेला असतो. तो आधी वाचा. एकाच अक्षराचा अर्थ एका ठिकाणी शाकाहारी, दुसऱ्या ठिकाणी व्हीगन.

यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे ॲलर्जीचा तक्ता. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून रेस्टॉरंटांनाही 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, आणि इतरत्रही मोठ्या साखळ्या असा तक्ता संकेतस्थळावर ठेवतात. त्यातले पाच रकाने बघायचे: दूध, अंडी, मासे, कवचधारी प्राणी (कोळंबी, खेकडे) आणि मृदुकाय प्राणी (कालवं, माकुल). पाचही कोरे असले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं, म्हणजे मांसाचा रस्सा, चरबी, जिलेटिन आणि मध, या तक्त्यात येतच नाही. ते विचारूनच कळतं. अमेरिकेच्या यादीत 9 घटक आहेत आणि त्यात मृदुकाय प्राणी नाहीत. म्हणजे ऑयस्टर (कालवांचं) सॉस घातलेली भाजी तिथे तक्त्यातून आरामात निसटते.

तक्त्यात "अंश असू शकतो" असं लिहिलेलं असेल तर तो घटक मुद्दाम घातलेला नाही, पण त्याच ओट्यावर हाताळला जातो, असा अर्थ घ्यायचा. तो चालवून घ्यायचा की नाही, हे आपल्या रेघेवर.

परीक्षणं वाचताना

सरासरी गुणांना मी फारसं महत्त्व देत नाही. पूर्ण व्हीगन ठिकाणाला येणारे निम्मे लोक प्रेमापोटी पाच तारे देतात. आपल्यासाठी कुणी काही चालवतंय याचाच आनंद असतो. तसे तारे मीही दिलेत. म्हणून तारे सोडून मजकूर बघा. "खूप छान, सगळं व्हीगन!" यातून काहीच कळत नाही. "वांग्याचा पदार्थ दोनदा मागवला, भात मात्र कोरडा होता" हे लिहिणारा माणूस खरंच जेवलाय.

सर्वांत मोलाचं परीक्षण व्हीगन नसलेल्या माणसाचं. "मैत्रिणीने ओढून नेलं, आता स्वतःहून जातो" अशी दोन वाक्यं सापडली की मी ते ठिकाण यादीत टाकतो.

तारीख बघायला विसरू नका. न्यूयॉर्कचं इलेव्हन मॅडिसन पार्क हे तीन मिशलिन ताऱ्यांचं (मिशलिन ही रेस्टॉरंटांना तारे देणारी नामांकित मार्गदर्शिका) रेस्टॉरंट 2021 मध्ये मांसमुक्त झालं, जगभर चर्चा झाली, आणि 2025 मध्ये तिथे मांस परत आलं. फ्रान्समधलं ओना हे 2021 मध्ये मिशलिन तारा मिळवणारं तिथलं पहिलं व्हीगन रेस्टॉरंट. ते 2022 मध्ये बंद झालं. इतक्या गाजलेल्या ठिकाणांची ही गत, तर गल्लीतल्या कॅफेचं दोन वर्षांपूर्वीचं परीक्षण किती कामाचं? सहा महिन्यांत एकही नवं परीक्षण नसेल तर फोन केल्याशिवाय निघू नका.

फोन

फोन करायला लोक बिचकतात. दोन मिनिटं लागतात आणि फुकटचा हेलपाटा वाचतो. जेवणाच्या ऐन गर्दीत करू नका; दुपारचं आवरल्यावर, संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधी करा. त्या वेळी फोन घेणाऱ्याला आत जाऊन विचारायला सवड असते.

"तुमच्याकडे व्हीगन काही आहे का?" असं विचारलं तर "हो" येतं, आणि ते "हो" म्हणजे बहुतेक वेळा सॅलड. मी असं विचारतो: "मला दूध, लोणी, अंडी, मासे, माशाचं सॉस, मांसाचा रस्सा यातलं काहीच चालत नाही. तुमच्या मेन्यूतलं काय खाता येईल?" इथे हो-नाही म्हणून सुटता येत नाही, समोरच्याला पदार्थाचं नाव घ्यावं लागतं. मग पुढचा प्रश्न: "तो रस्सा कशाचा असतो?" सूप, भात, बीन्स, सॉस असलेली भाजी, या सगळ्यांसाठी हा एकच प्रश्न पुरतो. उत्तर लगेच आलं तर छान. "थांबा हं, स्वयंपाकघरात विचारतो" आलं तर त्याहून छान. "नाही नाही, काळजी करू नका" असं घाईने आलं तर मी आभार मानून ते नाव खोडतो.

भाषेची अडचण असेल तर हेच वाक्य त्या भाषेत लिहून फोनवर तयार ठेवा आणि दाखवा. त्यात 'व्हीगन' शब्दावर विसंबू नका. पदार्थांची नावं लिहा.

पहिली भेट

पहिल्यांदा एकट्याने जावं, दुपारी जावं. दुपारी बऱ्याच ठिकाणी मोजका, स्वस्त मेन्यू असतो, आणि चुकलं तर संध्याकाळ हातात राहते.

काय मागवायचं? नकली मांस आणि नकली चीज सोडून काहीतरी. या पदार्थांना माझा विरोध नाही, रात्री उशिरा असला बर्गर मीही चवीने खातो. पण ती टिक्की बहुतेकदा कारखान्यातून गोठवलेली येते. तिच्यावरून आचारी कळत नाही. मी डाळीचा किंवा कडधान्याचा एक पदार्थ आणि एक साधी भाजी मागवतो. डाळ नीट शिजलीय का, भाजीला तिची चव राहिलीय का, मीठ वेळेवर पडलंय का? कोबी चांगली करणाऱ्याच्या हातचं बाकी काहीही खावं. आणि चीजचा एक जाड थर सगळीकडे पसरलेला दिसला तर समजावं, खाली काहीतरी झाकायचं होतं.

मांसाहारी ठिकाणी आणखी एक गोष्ट बघा. व्हीगन पदार्थ मुळातच तसा बांधलाय की मूळ पदार्थातून चीज आणि अंडं काढून टाकून उरलेलं वाढलंय? वजा करून केलेल्या ताटात मध्यभागी भोक राहतं, आणि पैसे मात्र पूर्ण लागतात. म्हणूनच लाल खुणेची इथिओपियन, लेबनीज, व्हिएतनामी ठिकाणं मला आवडतात. तिथे काही वजा करावं लागत नाही.

वेटरशी बोलताना सुरुवातीलाच, पाणी येतं तेव्हाच, सांगून टाका. ऑर्डर देऊन झाल्यावर सांगितलं की चिठ्ठी आत गेलेली असते. काही चुकून आलंच तर आवाज न चढवता ताट परत द्या आणि त्यातलं काय बदलता येईल ते विचारा. ते पुढे कसं वागतात, त्यावर त्या ठिकाणाचं नाव यादीत राहतं किंवा जातं.

चारचौघांबरोबर जाताना नियम उलटा. तिथे सर्वोत्तम व्हीगन जेवणाचा हट्ट सोडा. सगळ्यांना आवडेल आणि मला दोन पदार्थ नीट मिळतील असं ठिकाण स्वतःच सुचवा. सुचवायला उशीर केला की दुसरं कुणीतरी ग्रिल हाउस ठरवतं आणि आपण दोन तास बटाटे चिवडत बसतो.

स्वतःची यादी

नकाशाच्या ॲपमध्ये ठिकाण जतन करता येतं आणि त्याला टीप जोडता येते. नुसतं नाव जतन करून काही उपयोग नाही. तीन महिन्यांनी काय मागवलं होतं ते आठवत नाही. टिपेत चार गोष्टी: काय खाल्लं, काय वगळायला सांगितलं, कोणत्या वारी बंद, शेवटचं कधी गेलो. दोन ठिकाणं रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली आणि एक स्टेशनजवळचं, ही अडीनडीला वेगळी ठेवा. महिनाभर न गेलेल्या ठिकाणी मेन्यू बदलला का, हे जाताना एकदा विचारा.

त्या सूपाच्या ठिकाणाची माझ्याकडे पहिली नोंद होती: "सूप – मासे. जाऊ नये." वर्षभराने त्याच भागात काम निघालं, तेव्हा दुपारी फोन केला आणि या वेळी रस्सा कशाचा ते विचारलं. फोन घेणारी बाई आत गेली, परत आली आणि म्हणाली, कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम रात्रभर भिजवून आम्ही वेगळा रस्सा करतो, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी गेलो. धुरकट चव नव्हती, पण वाडगा पूर्ण संपवला. आता तिथली टीप अशी आहे: "नूडल्स, कोम्बूचा रस्सा. एक दिवस आधी फोन. सोमवारी बंद."